उत्पन्नाच्या दाखल्यातली मेंढरं

चिकलठाण्याच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते. तासिका तत्त्वावर म्हणजे जितके तास बोलायचं तितक्याच तासांचे पैसे, आणि तेही कॉलेजला आठवण झाली तर. तरीही दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत दोन-चार मुलं-मुली स्टाफरूमच्या दाराशी येऊन घुटमळतात आणि विचारतात, "मॅडम, पुढं विद्यापीठात फी भरायला काय काय मार्ग असतात?" मी गंभीर चेहरा करून सांगते. शिष्यवृत्ती असते, हप्ते असतात, बँकेचं शैक्षणिक कर्ज असतं, कमवा आणि शिका असतं. मुलं वहीत लिहून घेतात. मग मी शेवटचा सल्ला देते, जो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. घरी पाहुणे मुलगी बघायला येणार असतील, त्या दिवशी तलाठ्याला बोलावू नका. मुलं हसतात. मॅडम विनोदी आहेत असं त्यांना वाटतं.

आमचं गाव चितेगावच्या पुढे, पैठण रोड सोडून आत सहा-सात किलोमीटरवर. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांची चाळीस मेंढरं होती आणि तीन बाजूंनी बाभळी असलेला एक जमिनीचा तुकडा, ज्यात बाभळी सोडून काही नीट उगवत नसे. सुगी झाली की दादा लोकांच्या रानात मेंढरं बसवत. रात्रभर कळप शेतात थांबला की लेंड्यांचं खत पडतं, त्याबदल्यात शेतकरी ज्वारी देतो, कधी बाजरी, कधी नुसता शब्द. माय चितेगावच्या एका कारखान्यात रोजानं डबे भरायला जायची. आणि मी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून एम.एस्सी. करत होते, विषय प्राणिशास्त्र. दादांनी एकदा विचारलं होतं, "मेंढराचं शिकवत्यात का?" मी म्हणाले, बेडकाचं शिकवतात. बेडकासाठी एवढी फी, हा हिशेब त्यांना पटला नसावा, पण माझ्यासमोर त्यांनी तो कधी काढला नाही.

पदवीपासून मला शिष्यवृत्ती मिळत आली होती, म्हणजे फीतला मोठा भाग सरकार भरायचं आणि उरलेला माय. दुसऱ्या वर्षाला उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली. फीच्या खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "एक तर पूर्ण फी भर, नाहीतर नवा दाखला जोडून अर्ज भरल्याची प्रिंट आण. दोन्ही नसेल तर परीक्षेचा फॉर्म मिळणार नाही." मुदत महिनाअखेरपर्यंत. बाई वाईट नव्हत्या. रोज शंभर मुलांना हेच सांगून सांगून त्यांचा आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा झाला होता, इतकंच.

नव्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो. आमच्या तलाठ्यांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांच्याकडे चार गावं होती आणि एक मोटारसायकल, त्यामुळे ते नेहमी उरलेल्या तीन गावांत असायचे. मी आठवडाभर त्यांना फोन करत होते. शेवटी वैतागून ते म्हणाले, "रविवारी येतो, घरी थांबा." मी आनंदानं हो म्हणाले. रविवारीच मला बघायला पाहुणे येणार होते, हे मायनं मला शनिवारी संध्याकाळी सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

स्थळ चांगलं होतं. मुलगा चिकलठाण्यात एका कंपनीत होता, घर सातारा परिसराकडे कुठंतरी, शेतीही होती म्हणे. आमच्या गावातले एक मामा मध्यस्थ होते. नात्यानं दादांचे मेहुणे लागत, पण दोन्हीकडचं मीठ खाल्ल्यामुळे दोन्हीकडं खोटं बोलायचा त्यांना हक्क होता. त्यांनीच शनिवारी येऊन दादांना सांगितलं, "पाहुणं मोठं हायेत. वाडगं भरल्यालं दिसलं पायजे."

वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायची काट्यांची कुंपणवाली जागा. चाळीस मेंढरांनी ते भरत नव्हतं. मग आमच्याकडे जे करतात ते केलं. भावकीतल्या चुलत्यांची एकशे दहा मेंढरं सकाळीच आमच्या वाडग्यात आणून कोंडली. याला आमच्यात कुणी फसवणूक म्हणत नाही. ज्याच्या घरी पाहुणे, त्याच्या वाडग्यात भावकीची मेंढरं. पुढं चुलत्यांच्या पोरीला बघायला आले की आमची तिकडं जाणार. पाहुणे ज्या पांढऱ्या गाडीतून आले तीही त्यांनी शेजाऱ्याची मागून आणली होती, हे मला पुढं कळलं. दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या होत्या. आणि हे मी अगदी वरून बघितल्यासारखं सांगतेय, पण ती एकशे दहा मेंढरं हाकत आणणाऱ्यांत मीही होते. नवी साडी नेसायच्या आधी, अंगात दादांचा जुना सदरा घालून.

एकच अडचण होती. आमच्या मेंढरांच्या पाठीवर गेरूची लाल खूण असते, चुलत्यांच्या मेंढरांवर हिरवी. रंग एका सकाळीत जात नाही.

पाहुणे आले, बसले. मी चहाचा ट्रे घेऊन गेले, खाली मान घालून बसले. मुलाचा चुलता बोलका होता. त्यानं मला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, मग वाडग्याकडे बघत दादांना विचारलं, "पाहुणं, ही हिरवी खूण कशाची?"

दादा क्षणभरही अडखळले नाहीत. "हिरवी म्हंजी यंदाची खरेदी."

मोटारसायकल तोवर दाराशी येऊन थांबली होती. भाऊसाहेब शब्दाचे पक्के निघाले, आयुष्यात पहिल्यांदाच. दादांनी त्यांना मानानं पाहुण्यांच्या शेजारी बसवलं. सरकारी माणूस घरी येतो म्हटल्यावर पाहुण्यांवर छाप पडली, मामांनी मला डोळ्यानंच शाबासकी दिली. भाऊसाहेबांनी चहा संपवला, पिशवीतून फॉर्म काढला, मांडीवर फाईल ठेवली आणि सगळ्यांच्या समोर विचारलं, "हं, वर्षाचं उत्पन्न सांगा."

मी मान वर केली. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं मुलीनं मान वर करायची नसते, पण माझी झाली. दादांनी माझ्याकडं बघितलं, मग पाहुण्यांकडं. त्या दोन नजरांमध्ये जेवढं अंतर होतं तेवढंच माझं एम.एस्सी. होतं.

"आता काय सांगावं," दादा म्हणाले. "देवाची दया हाय."

"दया कोणत्या रकान्यात लिहू? जनावरं किती?"

"म्होरंच हायेत की. मोजा."

भाऊसाहेबांनी बसल्या जागेवरून वाडग्याकडं नजर टाकली. "दीडशे धरू?"

"धरा," मामा मध्येच म्हणाले. "वरच भरतील, पण तुमी दीडशे धरा."

"त्यातली यंदाची खरेदी किती?"

हिरव्या खुणेचं ते ऐकत आले होते तर. दादा म्हणाले, शंभराच्या पुढं. भाऊसाहेबांनी लिहिलं. मग मेंढरं बसवायचं काय मिळतं ते विचारलं. दादा म्हणाले, ज्वारी. भाऊसाहेब म्हणाले, ज्वारीचा रकाना नाही, पैशात सांगा. दादांनी आयुष्यात ज्वारीचे कधी पैसे करून बघितले नव्हते. त्यांनी मुलाच्या चुलत्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिथून एक आकडा उचलला. चुलत्यानं मान डोलावली. मी ट्रेवरचं फुलांचं नक्षीकाम बघत बसले. बोलले असते तर बापाला पाहुण्यांपुढं खोटं पाडलं असतं, आणि तसंही मला वाटलं की भाऊसाहेब समजून घेतील. सगळ्या जगाला समजतं ते तलाठ्याला समजू नये, असं कसं होईल?

पण ते आमच्या गावात नवे होते आणि प्रामाणिक होते. प्रामाणिक माणसाचा मला तेवढाच एकदा राग आला आहे.

दाखला आला. विद्यापीठाजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणारा एक झेरॉक्सवाला होता, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. त्यानं दाखला स्कॅनरवर ठेवायच्या आधी वाचला आणि माझ्याकडं नव्यानं बघितलं. "बेटा, ये क्या लाई? इत्ती इन्कम में तो स्कॉलरशिप नक्को, तुमकोच किसी को देना पडता."

"चाचा, चूक झालीय."

"हौ, लोगां की चूक कम लिखने में होती. तुम्हारी पहली देखा मैं, जो जादा में हुई."

त्यानं तरीही भरून बघितलं. पोर्टलनं लाल अक्षरात अपात्र म्हणून टाकलं. चाचानं माझ्याकडून प्रिंटचे पैसे घेतले नाहीत. दीडशे मेंढरांच्या मालकिणीला त्यानं फुकट सोडलं.

मग मी बाकीचे मार्ग चोखाळले. क्रांती चौकाजवळच्या एका बँकेत गेले, शैक्षणिक कर्जाचं विचारलं. साहेबांनी दाखला आणि सोबतचा तलाठ्याचा अहवाल बघितला. "वडिलांचं उत्पन्न चांगलं आहे की. कर्ज कशाला?" मी म्हणाले, ते सगळं रोख नसतं. "मग पुरावा काय? खरेदीच्या पावत्या असतील. शंभर मेंढ्या घेतल्या म्हणता." पावत्या नव्हत्या. "मग उत्पन्न आहे हे आम्ही मानायचं कसं?" साहेबांनी दाखला परत माझ्याकडं सरकवला. बाहेर येऊन मी चौकातल्या रहदारीकडं बघत उभी राहिले आणि मला हसू फुटलं. पोर्टलला आमची मेंढरं खरी वाटत होती म्हणून शिष्यवृत्ती नाही, आणि बँकेला खोटी वाटत होती म्हणून कर्ज नाही. एकाच कागदावर आम्ही श्रीमंतही होतो आणि कंगालही, आणि दोन्हीचा तोटा तेवढा आमच्या वाट्याला आला होता.

कमवा आणि शिका मी आधीपासून करतच होते. विद्यापीठाच्या आवारातल्या झाडांना पाणी घालायचं, ग्रंथालयातली पुस्तकं पुसायची. त्यातून मेसचं भागायचं. त्या वेगानं फी भरायची तर झाडांची जंगलं झाली असती.

मेंढरं विकावीत, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले. पण पाहुण्यांचा होकार आला होता. साखरपुड्याला त्यांच्याकडची पंचवीस माणसं येणार होती. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. वाडग्यातली मेंढरं कमी करायची सोय नव्हती, उलट पुन्हा मागून आणायची होती. मुलाकडचे म्हणत होते, लग्नानंतर शिकू दे की, आमची ना नाही. ना नाही म्हणजे हो, असं मला तेव्हा वाटायचं. मुलगा चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होता आणि माझ्याकडं बघताना लाजला होता. तो मला आवडला होता, हे आज म्हणायला काही हरकत नाही.

तहसीलमध्ये चौकशी केली. दाखला दुरुस्त होईल, कारकुनानं सांगितलं. तलाठ्याचा फेरअहवाल आणा. त्यासाठी वडिलांचा जबाब, गावात, पंचांच्या समोर. आमच्या गावात पंचनामा कशाचाही असो, पहिली सही मध्यस्थ मामांचीच असायची. कुणाचा कडबा जळू दे नाहीतर विहिरीत रेडकू पडू दे, मामा पंच. म्हणजे दादांनी जबाब दिला की तो संध्याकाळपर्यंत मुलाच्या चुलत्याला पोचणार, हे ठरलेलं.

मुदत संपायला चार दिवस असताना मी गावी गेले आणि चुलीपुढं बसून सगळं सांगितलं. माय लगेच म्हणाली, "सोयरीक मोडंल."

"राहू द्या दादा," मी म्हणाले. "एक वर्ष गेलं तर गेलं."

हे मी त्यांनी नाही म्हणावं म्हणूनच म्हटलं होतं. वर्ष गेलं असतं तर ते परत आलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या भावकीतल्या चार मुलींचं एकेक वर्ष असंच गेलं होतं आणि त्या चौघी आता मला रस्त्यात भेटल्या की माझी पुस्तकं हातात घेऊन उलटीपालटी करून बघायच्या. पण दादा नाही म्हणाले नाहीत. ते बाहेर गेले. मला त्यांचा राग आला, खराखुरा राग. मनात म्हटलं, आपली इज्जत चाळीस मेंढरांची नाही ना, दीडशेची आहे, मग सांभाळा.

बाहेर अंगणात ते फोनवर ओरडत होते, कारण फोनवर ओरडल्याशिवाय लांब ऐकू जात नाही यावर त्यांचा विश्वास होता. "भाऊसाहेब, पुन्हा या जरा. मेंढरं मोजायचीत. ह्या बारीला नीट मोजू."

त्या जबाबानं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. फेरअहवाल गेला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी दाखला हातात आला, चाचानं फॉर्म भरला, खिडकीतल्या बाईंनी प्रिंट घेतली आणि परीक्षेचा फॉर्म दिला. शिष्यवृत्ती माझा निकाल लागून गेल्यावर जमा झाली, म्हणजे सरकारी हिशेबानं वेळेतच. सोयरीक जबाबाच्या दिवशीच मोडली. मुलाच्या चुलत्यानं निरोप पाठवला की मेंढरं कमी होती म्हणून नाही, पण माणसं खोटी निघाली. शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीतून आलेल्या माणसानं हे म्हणावं, यावर मी पुढं कित्येक दिवस मनातल्या मनात भाषणं केली.

जबाब ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झाला. पाच पंच बसले, मधोमध मामा, त्यांचा चेहरा पडलेला. बाजूला जमलेली दहा-वीस माणसं, ज्यांना सगळ्यांना खरं आधीपासून ठाऊक होतं. भाऊसाहेब मला म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं हाय. मी सांगतो, तुमीच लिहा." मग मी लिहीत गेले. वडिलांच्या मालकीची मेंढरं चाळीस. उरलेली भावकीतल्या दुसऱ्याची. मी थांबले तसं ते म्हणाले, "कारण लिहावं लागतं. चुकीची माहिती का दिली, त्याशिवाय साहेब सही करत नाहीत." आणि त्यांनी ते वाक्य सांगितलं, कार्यालयातली माणसं सांगतात तसं, डोळे वर करून, एका दमात. मुलीच्या सोयरिकीकरिता आलेल्या पाहुण्यांसमोर मोठेपणा मिळावा या हेतूने मी दुसऱ्याची मेंढरे स्वतःची असल्याचे खोटे सांगितले. आमच्या घराण्यात विद्यापीठापर्यंत पोचलेली मी पहिली, आणि माझ्या शिक्षणाचा घराला झालेला पहिला उपयोग हा. बाप खोटं बोलला, हे शुद्धलेखनाची एकही चूक न करता मी लिहिलं.

जबाबाच्या खाली एक ठरलेलं वाक्य असतं, जबाब वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. म्हणून तो वाचून दाखवावा लागतो. दादांना सही करता येते, वाचता येत नाही. मी ओळींवर बोट ठेवून वाचायला लागले. त्या वाक्यापाशी आले आणि बोट खालच्या ओळीवर नेलं. मामांच्या समोर, त्या सगळ्यांच्या समोर, मला ते तोंडातून काढवेना.

"एक वळ गाळली तू," दादा म्हणाले. ते माझ्या बोटाकडंच बघत होते.

"दादा, तेवढं राहू द्या ना."

"नाय. समदं वाच." आवाज चढवला नाही, फोनवर चढवायचे तसा तर नाहीच. "वाचाया यावं म्हणून तर फी भरायलो."

मी ती ओळ वाचली. 'खोटे' या शब्दावरही बोट ठेवलं आणि शेवटपर्यंत वाचली. आणि ऐकताना दादा हलकेच मान डोलावत होते, पहिलीत असताना मी धडा वाचून दाखवायची तेव्हा डोलवायचे तशीच.